रिकाम्या गाडीचं माप

मन्मथआप्पांच्या दुकानात ज्वारीची दोन पोती कायम भिंतीला टेकून उभी असायची. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, हा कमानवाला जोडधंद्याला धान्य विकतो. एकानं एकदा भावही विचारला. आप्पा गाडीखालून म्हणाले, "ते इकायला न्हाई, मापाला हाय." त्या माणसाला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याचीच बायकापोरं त्या दुकानासमोर गाडीत ओळीनं बसली होती आणि रिकाम्या उरलेल्या सीटवर ते पोतं बसलं होतं. मग कळलं त्याला.

लातूरला रेणापूर नाक्याच्या अलीकडं आप्पांचं दुकान, आणि त्याला लागून माझं. माझं सीटकव्हरचं आणि गाद्यांचं. ट्रक, जीप, जुन्या मोटारी ज्या लोखंडी पाट्यांवर तोललेल्या असतात, त्या पाट्यांच्या चवडीला कमान म्हणतात. ती बनवणं, वळवणं, तिला पाणी देणं, म्हणजे तापवून बुडवून टणक करणं, हे आप्पांचं काम. गाडीत माणूस कशावर बसतो ते मी बघायचे आणि गाडी कशावर बसते ते आप्पा. नवऱ्याच्या माघारी मी दुकान चालवायला घेतलं, तेव्हा आजूबाजूच्यांनी 'बाईमाणूस, बघू किती टिकतंय' असं तोंडावर म्हणून घेतलं. आप्पा पहिल्या दिवशी आले, माझं शिलाई मशीन हलवून पाहिलं, एका पायाखाली लोखंडाची चकती सारली आणि निघून गेले. मशीन डुगडुगत होतं हे मला ते डुगडुगायचं थांबल्यावर समजलं.

म्हणून त्यांना गरीब गाय समजू नका. माणूस महातापट आणि स्वतःच्या कामाचा गर्व असलेला. उंची बेताची, खांदे मात्र दारात मावणार नाहीत असे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यातलं इष्टलिंग शर्टाच्या आत. सकाळची पूजा झाल्याशिवाय भट्टी पेटायची नाही, मग दारात आमदाराची गाडी का उभी असेना. दुपारपर्यंत ते पट्टे घामानं नाकावर उतरलेले असायचे. मी म्हणायचे, "आप्पा, तुमचा देव खाली आला." ते म्हणायचे, "येऊ द्या की अक्का, खाली काम लई हाय."

आप्पा मूळ उदगीरचे. घरात मराठी, आजोळी कानडी. बोलायचे आपल्यासारखंच, पण नाही म्हणायचं झालं की त्यांना कानडी सुचायची. "इल्ला." एवढंच. हो म्हणायचे मराठीत, शिव्या द्यायचे उर्दूत आणि नकार कानडीत. मराठीतल्या 'नाही'ला माणूस घासाघीस करतो, कानडीतल्या 'इल्ला'पुढं काय बोलायचं तेच कुणाला कळत नाही. वाळूचा टिप्पर घेऊन एक पैलवान आला होता, मागच्या कमानीत दोन पाटे वाढवून द्या, माल जास्त भरायचाय म्हणून. आप्पांनी टिप्परभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "इल्ला." पैलवान चढ्या आवाजात बोलायला लागला. बिडी न ओढणारा माणूस दुसऱ्याच्या बिडीच्या धुराकडं बघतो, तसे आप्पा शांतपणे त्याच्याकडं बघत राहिले. तो गेला. समोरच्या रांगेतल्या दुसऱ्या कमानवाल्यानं त्याचं काम केलं. आप्पांना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

मापाची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं. पुढची कमान बसवली की गाडीची उंची मोजायची असते. मडगार्डच्या कडेपासून चाकाच्या मध्यापर्यंत टेप लावायची, दोन्ही बाजू सारख्या आल्या की झालं. सगळे मिस्त्री हे रिकाम्या गाडीवर करतात. आप्पा म्हणायचे, "रिकाम्या गाडीचं माप घिणं म्हणजे उपाशी माणसाची कंबर मोजून चोळणा शिवणं." ते मालकाला घरी पाठवायचे. जा, घरातली सगळी माणसं घेऊन या. जी गाडीत बसतात ती सगळी. म्हातारी असली तर म्हातारी, तान्हं असलं तर तान्हं. लोक कुरकुरत यायचे, मग त्यांना मजा वाटायला लागायची. शेंगा खात, भांडत अर्धा तास गाडीत बसायचे आणि आप्पा खाली झोपून टेप लावायचे. जो आला नाही त्याच्या जागी पोतं. लेकरू असलं तर अर्धं पोतं, त्याची वेगळी छोटी थैली होती.

रेणापूरचा एक जण एकदा तीन पोरं घेऊन आला, बायको नाही. आप्पांनी पोतं उचललं. तो म्हणाला, "राहू द्या, ती आता बसायची न्हाई ह्या गाडीत." भांडून माहेरी गेली होती. आप्पा म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा, मला जागा रिकामी ठेवून माप घेता येत न्हाई," आणि पोतं पुढच्या सीटवर ठेवलं. धाकटी पोरगी त्या पोत्याला टेकून बसली. बाप बघत राहिला. काही आठवड्यांनी तीच गाडी परत आली, आता बायको पुढं बसलेली. कमानीला काहीही झालं नव्हतं. तो नुसता म्हणाला, "आप्पा, परत एकदा मोजून घ्या."

दुसऱ्यांच्या घरातल्या रिकाम्या जागा भरणाऱ्या ह्या माणसाची स्वतःची जागा मात्र उदगीरला रिकामी होती. घर अडतीचं. मोंढ्यात वडिलांची गादी, नंतर थोरले भाऊ नागनाथअण्णांची. मन्मथनंही तिथंच बसायचं ठरलेलं. पण ह्यांना लहानपणापासून धान्यापेक्षा धान्य आणणाऱ्या गाड्यांखाली शिरायचा नाद. एक दिवस गादी सोडून लातूरला आले आणि एका कमानवाल्याच्या हाताखाली घण मारायला लागले. लिंगायत व्यापाऱ्याच्या पोरानं लोहाराचं काम करावं हे घराला पटलं नाही. भांडण असं झालं नाही. झालं असतं तर मिटलं असतं. आधी सणाला बोलावणं यायचं, मग निरोप यायचा, मग निरोपही यायचा थांबला. आप्पांची बायको वारली तेव्हा अण्णा आले होते. मी पाहिलं. धोतराचा सोगा धरून अंगणात उभे राहिले, माती झाल्यावर परत निघाले. पाणी विचारलं, तर घेतलं नाही. आप्पांनी ते कधी बोलून दाखवलं नाही, पण त्या दिवसापासून दुकानात कुणी आलं की ते आधी तांब्या पुढं करायचे आणि समोरचा पाणी पिईपर्यंत बोलायला सुरुवात करायचे नाहीत.

त्या घरातली काळी मोटार एक दिवस ट्रॅक्टरच्या मागं बांधून आमच्या दारात आली.

निजामी सरली त्या सुमारास त्यांच्या वडिलांनी कुणा जहागीरदाराकडून घेतलेली विलायती गाडी. कंपनीचं नाव घासून गेलेलं. पुढं दोन चाकांना जोडणारा एक सरळ जाड एक्सल आणि त्याच्यावर दोन बाजूंना दोन कमानी. गाडीसोबत अण्णांचा मुलगा शिवराज होता. पुण्यात नोकरीला, बोलायला गोड. त्याचं लग्न ठरलं होतं आणि त्याला ही गाडी त्याच्या परण्याला हवी होती. आमच्याकडं लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला नेतात, तो परण्या. पण गाडी त्याला होती तशी नको होती. त्यानं मोबाईलवर आप्पांना परदेशातल्या जुन्या गाड्या दाखवल्या. पोट जमिनीला लागतंय, चाकं मडगार्डात अर्धी बुडालेली.

आप्पांनी बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "ही गाडी बसली का पडली?"

शिवराज हसला. म्हणाला, "काका, आता अशीच फॅशन आहे. पुण्यात एकजण करून देत होता. पण अण्णा म्हणाले, मन्मथ असताना बाहेर कशाला?"

मी भिंतीच्या अलीकडं रेक्झिन कापत होते. कात्री थांबवली. आप्पांनी पोरापुढं धरायला उचललेला तांब्या त्यांच्या हातातच राहिला.

पुढचे कितीतरी दिवस त्या गाडीचं पुढचं अंग कसं खाली आणायचं, ह्याशिवाय आमच्या दोन दुकानांत दुसरा विषय नव्हता. शिवराज शनिवार-रविवार यायचा. आप्पा त्याला समजावून सांगायचे, आणि ते हातानं नाही, सगळ्या अंगानं. "खाली बसायच्या तीन तऱ्हा हायत," म्हणून उठून उभे राहायचे. "एक, गुडघे मोडून." म्हणजे एक्सल तापवून दोन्ही टोकांना वर वाकवायचा, मधला भाग आपोआप खाली येतो. "पण तापवलेल्या एक्सलचं पाणी उतरतंय. बघायला तसाच, आतून मेलेला. कधी मोडंल सांगता येत न्हाई. इल्ला." दुसरी, दुसऱ्याचे पाय लावून. म्हणजे पुढची सगळी चौकट कापून काढायची आणि नव्या गाडीची, प्रत्येक चाकाला स्वतंत्र स्प्रिंग असलेली, अख्खी पुढची बाजू तिथं जोडायची. तिसरी, कणा वाकवून. म्हणजे कमान सपाट करायची, पाटे कमी करायचे. "कणा एकदा वाकला की वाकतच जातोय," असं म्हणून ते कमरेत वाकून उभे राहायचे आणि शिवराजला हसू आवरायचं नाही.

दुसरी तऱ्हा शिवराजला पसंत होती. म्हणून ते दोघं नांदेडच्या भंगार बाजारात गेले. मलाही रेक्झिन आणायचं होतं, तर मीही टेम्पोत बसले. तिथं एका मोडलेल्या गाडीची पुढची बाजू अगदी धडधाकट मिळाली. शिवराजच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. आप्पांनी ती सगळीकडून चाचपली, टेप लावली, जोड कुठं येतील ते खडूनं दाखवलं. "बसंल," म्हणाले. "चांगली बसंल. चालंल बी भारी." शिवराज मालकाशी बोलायला निघाला, तेवढ्यात आप्पा त्या लोखंडावर हात ठेवून म्हणाले, "पण बाबांची गाडी मधून कापावी लागंल."

"मग कापू की."

"इल्ला."

मला त्या दिवशी आप्पा चुकले असंच वाटलं, आणि अजूनही वाटतं. जी वाट चांगली होती तिला ते बापाच्या मायेनं नाही म्हणाले, आणि जिला नाही म्हणायला हवं होतं ती तेवढी उरली.

तिसऱ्या तऱ्हेतही त्यांनी आपलं एक करून बघितलं. कमानीच्या सगळ्यांत वरच्या पाट्याची टोकं गोल वळवलेली असतात, त्या गोलात पिन बसते. त्याला डोळा म्हणतात. तो डोळा आप्पांनी वरच्या अंगाला होता तो खालच्या अंगाला वळवून घेतला. एकही पाटा कमी न करता, कमान दुबळी न करता गाडी दोन बोटं खाली आली. काम इतकं देखणं झालं होतं की समोरचा कमानवाला, ज्याच्याशी आप्पांचं बोलणं नव्हतं, तोसुद्धा येऊन बघून गेला.

शिवराज मात्र गाडीकडं बघून म्हणाला, "एवढंच?" त्याला वीतभर खाली हवी होती. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं, आप्पांना इल्ला म्हणायला सोपं गेलं असतं. तो म्हणाला, "असू द्या काका. अण्णांना मी सांगतो की एवढंच जमलं."

आप्पा गाडीच्या बॉनेटवर हात फिरवत होते. मग म्हणाले, "हाव. करू."

एवढ्या वर्षांत कामाच्या बाबतीत मनाविरुद्धचा हा 'हाव', म्हणजे हो, मी पहिल्यांदा ऐकला. त्यांनी दोन्ही कमानींतून पाटे काढले, राहिलेले सपाट केले. गाडी शिवराजच्या फोटोतल्यासारखी बसली. मग एक नवीन अडचण. एक्सल आणि वरची चौकट यांच्यामध्ये एक रबराचा गट्टू असतो. गाडी फारच दबली तर एक्सल त्याच्यावर टेकतो आणि चाक वर मडगार्डात घुसत नाही. आता गाडीच इतकी खाली आली, की प्रत्येक खड्ड्याला तो गट्टू टेकायचा आणि आत बसलेल्याचे दात दातांवर आपटायचे. शिवराज म्हणाला, "काका, हे रबर काढून टाकलं तर?" आप्पांनी तेही काढलं. काढलेले पाटे तेल लावून आणि गट्टू पुसून त्यांनी बारदानात गुंडाळले आणि भट्टीच्या मागं ठेवले. टाकून दिले नाहीत.

मग मापाचा दिवस. आप्पांनी निरोप धाडला, सगळ्यांनी यावं. मला वाटलं, अण्णा काही यायचे नाहीत. पण आले. अण्णा, वहिनी, शिवराज आणि त्याची बहीण. आप्पांनी सकाळीच दुकान झाडून घेतलं होतं. तांब्या पुढं केला. अण्णांनी तो घेतला, वरून पाणी प्यायले आणि तांब्या खाली ठेवून म्हणाले, "थंड आहे." मी लगेच माझ्या दुकानात गेले, कारण आप्पांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

सगळे गाडीत बसले. मी शिवलेल्या मरून गाद्या, पुढं अण्णा आणि शिवराज, मागं वहिनी आणि बहीण. मागं एक जागा उरली. वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुम्ही बसा की."

"मग माप कोण घेणार?" असं म्हणून आप्पांनी पोतं आणलं आणि त्या जागी ठेवलं. अण्णा मागं वळले. आयुष्यभर पोत्यांत हात घातलेला माणूस. त्यांनी पोतं एका बाजूनं दाबून बघितलं आणि विचारलं, "किती भरलंयस?"

"माझ्याएवढं," आप्पा गाडीखालून म्हणाले.

माप दोन्ही बाजूंना सारखं आलं. चाक मडगार्डाला कुठंही लागत नव्हतं, फिरवून बघितलं. सगळी चहा पिऊन उदगीरला गेली. जाताना अण्णा म्हणाले, "परण्याला ये. पत्रिका येईल, पण पत्रिकेची वाट बघू नको." त्या दिवशी आप्पांनी दुपारनंतर भट्टी पेटवली नाही.

परण्याला मीही होते. गाद्या माझ्या होत्या, शिवाय वहिनींनी हातानं कुंकू लावून बोलावलं होतं. दुपार कलली होती. काळी मोटार चकाकत होती, फुलांनी सजवलेली, आणि खरं सांगायचं तर त्या खाली बसलेल्या रूपात लई देखणी दिसत होती. मागं शिवराज फेटा बांधून बसलेला. गाडी त्याचा एक मित्र चालवत होता. अण्णा गाडीच्या पुढं, हात जोडत, पाहुण्यांना बाजूला घेत चालले होते. आप्पा नवा सदरा घालून पुढच्या चाकाच्या बाजूनं चालत होते. सगळ्यांचे डोळे नवरदेवाकडं, ह्यांचे चाकाकडं.

मग पोरं बॉनेटवर चढली. आमच्याकडं परण्यात पोरं बॉनेटवर बसणारच. एक बसला, दोघं बसले, दोन्ही मडगार्डांवर आणखी. प्रत्येक जण बसला की गाडीचं नाक थोडं खाली जायचं. आप्पांनी ते बघितलं आणि ओरडायला लागले, "उतरा, उतरा खाली." पण बँड वाजत होता. ते पुढं धावले आणि एका पोराचा हात धरून ओढायला लागले. पोरांना वाटलं, नवरदेवाचे काका नाचायला आले. त्यांनी जल्लोष केला, आप्पांना खांद्यांना धरलं आणि वर ओढून बॉनेटवर बसवलं.

ते काय बोलत होते ते मला ऐकू येत नव्हतं. फक्त तोंड दिसत होतं. तेवढ्यात गाडी मारुतीच्या गल्लीत वळली. वळलेलं चाक मडगार्डाच्या कडेत घुसलं आणि अडकलं. चालवणाऱ्याला स्टिअरिंग सरळ करता येईना. गाडी माणसाच्या चालीनं चालली होती, त्यापेक्षा जास्त नाही. पण गल्लीला उतार होता, जुने ब्रेक लागेपर्यंत गाडी पुढं सरकलीच, आणि पुढं अण्णा होते, त्यांच्या पुढं देवळाची दगडी पायरी. बंपर आणि पायरी यांच्यामध्ये त्यांचा उजवा पाय सापडला.

मुहूर्त टळला नाही. लग्न लागलं. अण्णांनीच दवाखान्यातून निरोप धाडला, की कशासाठी काही थांबवू नका, आणि मन्मथला कुणी बोलू नका, आपलीच पोरं वर चढली होती. कुणी काही बोललंही नाही. आप्पा न जेवता एसटीनं लातूरला आले. मी त्यांच्याच एसटीत होते. अर्ध्या वाटेत ते एकदम म्हणाले, "अक्का, अण्णाच्या परण्याला ह्याच गाडीच्या बॉनेटवर मी बसलो होतो. आम्ही सहा-सातजण होतो. बाबा हसून राहिले होते." मग म्हणाले, "मला म्हायती होतं. घरातली माणसं आत बसतात, परण्यात गाव वर बसतंय. मी घर मोजलं." गट्टू असता तर एक्सल टेकला असता आणि चाक घुसलं नसतं, हे मलाही कळत होतं आणि त्यांनाही. मी खिडकीतून बाहेर बघत बसले.

त्यानंतर आप्पांनी पुढच्या कमानीचं काम घेणं सोडलं. ट्रकच्या मागच्या कमानी तेवढ्या करायचे. गिऱ्हाइकं कमी झाली. कुणी पुढच्या कामाला आलं की इल्ला म्हणायचे, पण आता त्या शब्दात तो दणका नव्हता. नुसता थकलेला सूर. आणि रोज सकाळी पूजा झाली की भट्टीमागचं ते बारदान सोडून पाट्यांना तेल लावायचे. मला ते बघून राग यायचा. एकदा मी म्हणाले, "आप्पा, देवाला तरी इतकं तेल लावता का?" ते हसले नाहीत.

पावसाळा सरल्यावर काळी मोटार परत आली, ह्या वेळी ट्रकवर चढवून. सोबत शिवराज आणि काठी टेकत अण्णा. पाय सांधला होता, पण आखूड झाला होता. अण्णा दुकानात आले, बाकावर बसले, पाणी स्वतः मागून घेतलं आणि म्हणाले, "होती तशी कर."

आप्पांनी ती केली. पाटे जिथले तिथं बसवले, सपाट केलेल्यांना परत बाक दिला, डोळा परत वर वळवला, गट्टू परत लावला. त्या कामात त्यांचे हात पूर्वीसारखे चालत होते, हे मी पाहिलं, पण तोंडावर काही नव्हतं. मग मापाला सगळी आली. आता बहिणीच्या जागी शिवराजची बायको होती, तिच्या माहेरचं नाव अजून तोंडातून जायचं होतं इतकी नवी. आप्पांनी आधी बॉनेटवर वाळूची पोती रचून माप घेतलं. सहा-सात पोरांचं वजन. चाक मोकळं फिरलं. मग वाळू उतरवली आणि घर बसवलं. मागच्या एका जागेवर सवयीनं ज्वारीचं पोतं ठेवलं.

अण्णा पुढच्या सीटवरून म्हणाले, "ते काढ. तू बस."

"माप कोण घेईल?"

"ह्या अक्का घेतील."

आप्पा म्हणाले, "इल्ला."

अण्णांनी पुढं बघितलं, काठी दोन्ही हातांत धरली आणि बसून राहिले. गाडीतून कुणी उतरेना. ऊन चढत होतं. समोरचा कमानवाला काम सोडून बघत होता. आप्पा गाडीजवळ उभे, अण्णा गाडीत, दोघांपैकी कुणी एकमेकांकडं बघत नव्हतं. शेवटी नव्या सुनेनं पदर सावरत पोतं आपल्याकडं ओढायचा प्रयत्न केला, ते तिला काही हलेना. तेव्हा आप्पा पुढं झाले. पोतं उचलून खाली ठेवलं आणि आत बसले. आयुष्यभर गाड्यांखाली राहिलेला माणूस गाडीत कसा बसतो ते मी त्या दिवशी पाहिलं. गुडघे जवळ, हात मांडीवर, पाहुण्याच्या घरी बसल्यासारखे.

मी खाली बसून टेप लावली. आतून आवाज आला, "अक्का, टेप तिरपी धरलीव." मी सरळ केली. दोन्ही बाजूंना माप एकच आलं. मी मोठ्यानं सांगितलं. गाडीत वहिनींनी डोळ्यांना पदर लावला.

अण्णा म्हणाले, "चल आता. असाच चल उदगीरला. कपडे कशाला बघतोस?"

आप्पा गाडीतून उतरले. पोतं उचललं, स्वतः बसले होते तिथं ठेवलं आणि दार लावून घेतलं. खिडकीत वाकून भावाला म्हणाले, "माप बरोबर हाय अण्णा. हे घिऊन जावा. ज्वारी चांगली हाय." अण्णांनी एकदा त्यांच्याकडं, एकदा पोत्याकडं बघितलं. मग शिवराजला म्हणाले, "चल."

मला इतका राग आला की मी आप्पांना रस्त्यावरच बोलले. "एवढी वर्षं ज्याची वाट बघितली ते दारात आलं आणि तुम्ही पोतं धाडलं? जायला काय झालं होतं?"

ते म्हणाले, "गेलो की निघताना अण्णा उठून दारापर्यंत पोचवायला येणार, अक्का. त्यांची रीतच हाय. त्या पायानं येणार."

ते त्यांच्या हातचं शेवटचं काम. दिवाळीनंतर देगलूरला दिलेली त्यांची लेक येऊन त्यांना तिकडं घेऊन गेली आणि दुकान समोरच्याच कमानवाल्यानं घेतलं. तो गाड्यांची मापं रिकाम्याच घेतो. पण आप्पा आठवले की मला ते दुकान बंद करताना दिसत नाहीत. दिसतात ते त्या दुपारी रस्त्याच्या मधोमध उभे असलेले, सदऱ्याला पोत्याची धूळ लागलेली, कपाळावरचे पट्टे नाकावर उतरलेले. नाक्यावरच्या गतिरोधकावर काळी मोटार पुढून वर झाली, खाली आली आणि एकदाही न हेलकावता सरळ बसली. त्या धक्क्यानं मागच्या काचेत दिसणारं पोतं मात्र कलंडायला लागलं. तेवढ्यात आतून वहिनींचा हात आला आणि त्यांनी ते खांद्याला धरावं तसं धरून सावरलं. गाडी वळणाआड जाईपर्यंत तो हात तिथंच होता, आणि आप्पाही.